गलका

युद्ध थांबलेल्या त्या परक्या देशात संस्थेच्या काकू दप्तरं वाटत गावोगावच्या शाळा फिरत होत्या. सकाळच्या शाळेत पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी त्यांच्याकडे बघून खुदकन हसली. दुपारच्या शाळेतही तीच हसली. उन्हं उतरताना तिसऱ्या शाळेत ती पुन्हा दिसली आणि मग सगळा वर्गच ओळखीचा वाटू लागला. काकूंचं डोकं सणकलं. दुभाष्याला त्यांनी दाराबाहेर ओढलं.

"मला काय दुधखुळी समजलात? तीच पोरं गाडीत घालून पुढे पळवता आणि दर शाळेच्या नावानं दप्तरं उकळता! उद्यापासून आमची मदत बंद."

"दप्तरं परत न्या, काकू," तो हळूच म्हणाला. "पण मुलांना आम्ही रोजच असं फिरवतो. तिन्ही गावांत मिळून एवढीच उरलीत."

"मग बसवा की एकाच शाळेत!"

"बाकीच्या गावांतल्या आया काय करतील? त्यांना रोज शाळेचा गलका ऐकायचा असतो."

त्यानं कुंपणाकडे बोट दाखवलं. जाळीला कान लावून बायका उभ्या होत्या.

"ती कडेची, माझी बायको."