साडेबावीस कोयते

“अर्धा कोयता?” शेतकी अधिकारी मोठ्यानं हसले. “नवरा हितं ऊस तोडणार अन् बायकू कोल्हापूरला धाडायची का, बाई?”

साखर कारखान्याच्या सभागृहात हशा पिकला. सत्यशीला कानकोंडी होऊन उभी राहिली. औरंगाबादच्या विद्यापीठात ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ऊसतोडीच्या टोळ्या लांबून न आणता जवळच्या गावांतून कशा भरायच्या, हा तिचा प्रकल्प. चौऱ्याण्णव साली विद्यापीठात नव्यानंच आलेल्या काँप्युटरनं हिशेब चोख काढला होता. हंगामाला ट्रकच्या डिझेलचे सव्वा लाख वाचत होते. संचालक मंडळ बेहद्द खूश होतं. फक्त तिच्याच गावापुढे साडेबावीस कोयते आले होते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीड जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिच्या सरांनी घाईघाईनं सावरून घेतलं. “मशीन आहे साहेब, त्याला संसार कुठून कळणार? अर्धा काढून टाकू. बावीस धरा.”

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पाच दिवाळ्या सत्यशीलेनं वसतिगृहात एकटीनं काढल्या होत्या. दसरा झाला की आई कोल्हापूरकडच्या टोळीमागं जायची. जवळचा कुठलाच मुकादम तिला घेत नसे. पाडव्याला ती परतायची, तोवर इकडे परीक्षा तोंडावर आलेली असायची. हा कारखाना औरंगाबादहून एस.टी.नं चार तासांवर. आई इथं असती तर दर रविवारी येता आलं असतं. पाचटानं शाकारलेल्या तिच्या कोपीत बसून गरम भाकरी खाता आली असती. सत्यशीलेला तेवढंच हवं होतं. डिझेल वाचलं काय नि न वाचलं काय!

“खोडू नका साहेब,” ती म्हणाली. “मशीन चुकलं न्हाई. त्यो अर्धा मीच भरलाय.”

अधिकाऱ्यांचं पेन कागदावर थांबलं.

“कावून? का भरला?” त्यांनी विचारलं.

“बाप वारल्यापासून माझी आई अर्धाच कोयता हाय.”