आठवी वाट

“आठव्या वाटेत तुझ्या आईचं रक्त घाल,” डॉक्टर ओस्वाल्दो म्हणाले. “पाण्याला ताप येत नाही, नेलिदा.”

नेलिदाचा हात थांबला. तळहाताएवढ्या काचपट्टीवर केसासारख्या बारीक आठ वाटा होत्या. यंत्रात घातलं की एकेका वाटेतल्या रक्ताचे तेलात हजारो कण व्हायचे, आणि ज्या रोगाचं बीज कणात सापडेल त्याचा रंग उजळायचा. डेंग्यूचा लाल, हिवतापाचा हिरवा, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून येणाऱ्या तापाचा, निळा. सात वाटा रुग्णांच्या. आठवीत नुसतं शुद्ध पाणी. ती काळोखी राहिली तरच बाकीच्या सात खऱ्या मानायच्या.

नदीकाठच्या त्या दवाखान्यात आज खाटा मात्र आठ भरल्या होत्या. आठवीवर तिची आई, गाव जिला मानानं दोन्या म्हणे ती एउफेमिया, तापानं फणफणलेली. काचपट्टी शेवटची, सामानाची पुढची बोट गुरुवारी. पेनिसिलिन पाच जणांपुरतंच. लेप्टोवर ते जीव वाचवणारं, डेंग्यूवर वाया.

“पाणी काढलं तर या सातांवर तरी कशाच्या बळावर विश्वास ठेवायचा?” नेलिदा हळूच म्हणाली. “आई शेवटी आलीय. ती थांबेल.”

“ऐकलंत, दोन्या? पोटच्या पोरीनं तुम्हाला पाण्याच्याही खाली बसवलं.”

“बापावर गेलीये,” आई पुटपुटली. “तोही असाच. होडी बुडायला आली तरी माणसं रांगेनंच उतरवायचा.”

नेलिदानं छोट्या बाटलीतलं पाणी आठव्या वाटेत सोडलं. नोंदवहीत सात नावं लिहिली, आठव्या ओळीवर ‘पाणी’. आणि यंत्राचं झाकण लावलं.

चाळीस मिनिटं. नेलिदाच्या जपमाळेचा एक फेरा झाला. दुसरा अर्ध्यावरच चुकला, कारण आई कण्हत होती.

पडदा उजळला. चार वाटा निळ्या. तीन लाल. आणि आठवी, जी काळोखी राहायला हवी होती, तीही निळी.

डॉक्टरांनी हातमोजे काढून टेबलावर टाकले. “संपलं. सगळं फेकायचं. आता पेनिसिलिन काय चिठ्ठ्या टाकून वाटू?”

आईची जागा नाकारून जे पाणी राखलं, तेच नासकं निघालं. “या बाटलीला कोणी हात लावला?” नेलिदानं विचारलं. दहा दिवसांपूर्वीच्या सान हुआनच्या सणानंतर ती बाटली आजच उघडली होती.

आठव्या खाटेवरून आवाज आला.

“मी लावला, पोरी.”

“तू?”

“सणाला तुझ्यासाठी पानात बांधलेला भात घेऊन आले होते ना, तेव्हा. पहाटे नदीत न्हाऊन आणलेलं पाणी घरातल्या भांड्याभांड्यात थेंब थेंब घालते मी. तुझ्या कामाच्या बाटलीनं काय पाप केलं होतं? म्हटलं, तुझ्याही हाताला यश येऊ दे.”

“यश,” डॉक्टर म्हणाले, आणि पट्टी फेकायला उचलली.

“थांबा.” नेलिदानं त्यांचं मनगट धरलं. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. “ही बाटली फक्त आठव्या वाटेची. तिच्यातला थेंबही बाकीच्यांत जात नाही. लाल तिन्हींत बघा, निळा कण एक तरी आहे का?”

डॉक्टर पडद्यावर वाकले. तिन्ही लाल वाटा एकेक करून तपासल्या. मग त्यांनी मान हलवली. नव्हता.

नेलिदा आईच्या उशाशी बसली. “आणि उरलेलं पाणी, आई? त्याचं काय केलंस?”

“दरवर्षी करते तेच. टाकवतं का ते? उपाशीपोटी पेलाभर प्यायले.”

“म्हणजे निळ्या पाच,” म्हणत डॉक्टरांनी नोंदवही ओढली. आठव्या ओळीवरचं ‘पाणी’ खोडलं आणि तिथं लिहिलं : दोन्या एउफेमिया.