पेन्सिलीचे तुकडे

लाल भिंगांचा चष्मा लावलेले डॉक्टर बाहेर आले, तशी हेमा आजोबांच्या उपरण्याआड लपली.

"डोळे आलेत का हो त्यांचे?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं." त्र्यंबक मास्तर तिच्याकडे वळून बसले. शिकवण्यासारखं काही निघालं की ते असे वळूनच बसत. "उन्हातून एकदम माजघरात गेलं की आपल्याला काही दिसतं का? नाही ना? डॉक्टरांना आत मिट्ट अंधारात बघायचं असतं. म्हणून हा चष्मा लावून ते डोळ्यांना आधीपासूनच अंधाराची सवय करतात."

"अंधारात काय बघतात?"

"पोटातलं."

"सगळं दिसतं?"

"सकाळी तू ते पांढरं औषध प्यायलीस ना, ते जिथं जिथं जाईल, तिथलं सगळं."

हेमाचा चेहरा उतरला. सकाळी पेला तोंडाला लावताच तिला खडूसारखा वास आला होता. 

 मास्तरांनी नातीच्या हातावर हात ठेवला. हात कोमट होता. संध्याकाळी तो तापणार होता, आणि जेवणानंतर ती पोट धरून बसणार होती. विश्रामलाही असाच संध्याकाळचा ताप यायचा. विश्राम, मास्तरांचा मुलगा, हेमाचा बाप. त्याच्या छातीत क्षय निघाला आणि तो गेला. आता डॉक्टर म्हणत होते, क्षय आतड्यातही होतो, मग आतडं आवळून बारीक होत जातं. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

"चला, मास्तर. मुलीला आत आणा. तुम्ही मात्र भिंतीशी उभे राहा."

दार लागलं. दिवा मालवला. थंडगार टेबलावर हेमाला निजवलं. यंत्र घुमू लागलं आणि तिच्या पोटावर हिरवट उजेडाची चौकट उघडली. जाड हातमोज्यातला एक हात तिचं पोट दाबू लागला.

"आजोबा!"

"इथंच आहे मी."

"आजोबा, मी सांगते. मीच खाल्ले." अंधारात हुंदका फुटला. "तुमच्या डब्यातले पेन्सिलीचे तुकडे. रोज खाल्ले. गोदानं नाही घेतले. तुम्ही उगीच तिला रागावलात."

मास्तरांच्या ओटीवर पोरं शिकायला येत, गोदा त्यांतलीच एक. कुणी पेन्सिल विसरलं तर द्यायला मास्तर पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत. अलीकडे डबा रिकामा होत चालला होता.

 मग मास्तर हसले. त्या बंद खोलीत ते हसणं फार मोठं वाटलं.

"ऐकलंत, डॉक्टर? पेन्सिली! अहो, पेन्सिली खाल्ल्यावर पोट दुखणार नाही तर काय होईल? आणि आम्ही इकडे... वेडाबाई, रडू नकोस. नवीन पेन्सिली आणू आपण. लिहायला हं, खायला नव्हे!"

"मास्तर, जरा बोलू नका. बाळ, श्वास धर."

हात उजव्या कुशीत, खाली, थांबला. पुढं सरकला. पुन्हा तिथंच आला.

"दिसतात का?" मास्तरांनी विचारलं. "तुकडे दिसतात का, डॉक्टर?"

"एक फोटो घेऊ," डॉक्टर म्हणाले.

फोटोची प्लेट धुऊन येईपर्यंत दोघं बाकावर बसली. हेमा आता मोकळी झाली होती. पाय हलवत ती भिंतीवरची पाल बघत होती. मास्तर बोलतच राहिले.

"घरी गेल्यावर आधी गोदाची माफी मागायची. मीसुद्धा मागेन. आणि पोटात माती जाते, पेन्सिली जातात, त्या आपोआप पडून जातात. ठाऊक आहे ना? पडूनच जातात."

"मला भूक लागली, आजोबा."

"लागणारच. चांगलं लक्षण आहे."

डॉक्टर आले. लाल चष्मा आता त्यांच्या डोळ्यांवर नव्हता. त्यांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. तिच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

"अय्या, पाटीच की ही!" हेमा म्हणाली.

काळ्याभोर प्लेटवर आतडं पांढरं उमटलं होतं. लहान मुलानं जोर लावून गिरवावं तसं जाड, वळसे घेत आलेलं. उजव्या कुशीपाशी मात्र ते एकदम बारीक झालं होतं. दोऱ्याएवढं.

"पेन्सिली कुठं आहेत?"

"पेन्सिली नाहीत गं हिच्यात," डॉक्टर म्हणाले. त्यांचं बोट त्या बारीक रेघेपाशी थांबलं होतं आणि ते मास्तरांकडे पाहत होते.

मास्तर उठून पुढं झाले. उपरण्याचं टोक हातात कधी आलं ते त्यांनाच कळलं नाही. चुकलेलं अक्षर पुसायला जावा, तसा त्यांचा हात त्या रेघेकडे गेला.

"ओली आहे अजून," डॉक्टर म्हणाले. "हात लावू नका, मास्तर."