आधी स्वतःला

“मंगलमैत्री आधी स्वतःला द्यायची, मग घरादाराला. ख्रिसमसच्या ध्यानशिबिराला यायचंच,” विहारात भन्ते म्हणाले होते. मी शब्द दिला. रोज पहाटे वंदनेनंतर मी ‘सर्वांचं मंगल होवो’ म्हणते. स्वतःचं तेवढं राहून जातं. इथं इंग्लंडात दर ख्रिसमसला नणंदेकडच्यांचं मुकाट्यानं करायचं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं. काल स्लाऊहून तिचा फोन आला. “धम्मशीला, चौदा जण येतोय. पुरणपोळ्या तुझ्याच हं. यंदा तोंड पाडून फिरू नकोस.” मी म्हटलं, “ताई, मी नसेन. तीन दिवस शिबिराला चाललेय.” “सणाचं घर सोडून? आम्हाला जेवायला कोण घालणार?” नवऱ्यानं फोन घेतला. “मी करतो ना खिचडी, ताई.” मला हसू आवरेना. आज उजाडताच ध्यानाची उशी काखेत धरली, ‘माझं मंगल होवो’ म्हटलं आणि बसस्टॉपकडे निघाले.