आमामाची आडनावं

"कॅमेरा नको," आमामा म्हणाली. "तिला माझी भाषा ऐकायचीय, तोंड बघायचं नाहीये."

इकेरने फोन स्पीकरवर टाकला. आमामा म्हणजे बास्क भाषेत आजी. साउथहॅम्प्टनच्या त्या गल्लीत पोस्टमनसुद्धा तिला याच नावाने हाक मारायचा.

स्पेनच्या बास्क मुलखात, बिल्बाओच्या एका कॉलेजात, परदेशात वाढलेल्या बास्क नातवंडांसाठी प्रवेशाची एक जागा होती. अट एवढीच की भाषा घरातून आलेली हवी, क्लासमधून नाही. इकेरची परीक्षा होऊन गेली होती. आज त्याला भाषा शिकवणारीची, म्हणजे आमामाची होती. सकाळपासून आमामाचं एकच चाललं होतं, "आडनावं विचारतील का रे?"

पलीकडून कॉलेजच्या नेरेआबाई बास्कमध्ये बोलू लागल्या आणि बघता बघता दोघी मिरच्यांवर आल्या.

"मी खिडकीत माळा करून वाळवते," आमामा म्हणाली.

"अय्या, अगदी आमच्याकडच्यासारखं!"

"आमच्याकडेही तसंच."

"आणि तुमचा तो 'त्स'चा उच्चार! इंग्लंडात वाढलेल्यांना जन्मात जमत नाही."

"आमच्या घरात तो लहानपणापासून आहे."

इकेरने छताकडे पाहिलं. आजी एक अक्षरही खोटं बोलत नव्हती. खरंही मोजूनमापूनच काढत होती.

"तुम्ही त्या बोटीतून आलात? स्पेनच्या युद्धातून मुलांना इंग्लंडात आणलं, ती?"

"सासूबाई आल्या. एवढ्याशा होत्या. मी बरीच नंतर. इथे माझं कोणी नव्हतं. त्यांनी घरात घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, माझ्या स्वयंपाकघरात माझीच भाषा. त्यांच्या लेकाने कंटाळा केला, मी नाही केला. आज हा पोरगा बोलतोय, ते त्या माउलीचं देणं."

नेरेआबाई म्हणाल्या, "उपकार तुमचेही आहेत, आमामा. जागेचं पत्र उद्याच पाठवते. तेवढं रेकॉर्डिंगसाठी नाव सांगा. आपल्या रीतीने हं, आईकडची, वडिलांकडची, सगळी बास्क आडनावं."

इकेरचा हात फोन बंद करायला पुढे झाला. आमामाने त्यावर हलकीशी चापट मारली आणि घसा साफ केला.

"बास्क एकही नाही हो," ती स्वच्छ बास्कमध्ये म्हणाली. "मी मधुमती. माहेरची गायकवाड, साताऱ्याची."