सोबत जोडलेला नमुना

वस्तीतल्या मातीकामाच्या वर्गाला सरकारी अनुदान आणखी वर्षभर मिळावं म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी अर्ज केला होता. नमुना म्हणून निवृत्त बसड्रायव्हरकाकांचा पेला जोडला. थोडा कललेला होता, पण थरथरत्या हातांनी तीन महिने मातीशी झटापट करून काकांनी घडवलेली ती पहिलीच वस्तू. साहेबांनी चार महिने एकच पालुपद लावलं होतं, "बघू, काय करता येतं ते." आज बोलावून म्हणाले, "नामंजूर. तुमच्या त्या वर्गातल्या वस्तूंचा कुणाला काडीचाही उपयोग दिसत नाही." सही करायला त्यांनी टेबलावरच्या पेल्यातलं पेन उचललं. पेला काकांचाच होता. "नमुना परत न्यायचाय," बाई म्हणाल्या. साहेबांनी पेला रिकामा केला. पेनं टेबलभर घरंगळली. "आता ही ठेवू कशात?" बाईंनी पेला पिशवीत घातला. "रीतसर अर्ज करा, साहेब. बघू, काय करता येतं ते."