उत्तराचा मसुदा

‘आमच्या प्रांताने वेगळे व्हावे की नाही, हे आम्हालाच विचारा,’ एवढ्याच मागणीपायी ज्यांनी सात वर्षे कारावास भोगला, ते आता स्वतंत्र झालेल्या त्याच प्रांताचे मंत्री होते. आज त्यांच्या मेजावर डोंगरापलीकडच्या तीन गावांचा अर्ज होता : ‘आम्हाला जुन्या देशातच राहावेसे वाटते, आमचेही मत घ्यावे.’ अर्ज घेऊन आली होती त्यांची सख्खी थोरली बहीण, त्या तीनपैकी एका गावात नांदणारी.

“ताई, घरच्याच माणसानं असं केलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील गं!”

“तुझ्या मागणीपायी सात वर्षं तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उभी राहिले मी. आता आम्हाला विचारायला तुझीच जीभ का रे अडखळते?”

मंत्र्यांची मान खाली गेली. तरीही कारकुनाने लिहून आणलेल्या नकाराच्या पत्रावर त्यांनी सही केली. मात्र ते ताईच्या हाती देताना तिच्या नजरेला नजर देणे काही त्यांना साधले नाही.

ताईने पहिली ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि उरलेले सारे पत्र शब्दन् शब्द तोंडपाठ म्हणून दाखवले.

मंत्र्यांनी चमकून कारकुनाकडे पाहिले.



“साहेब, तुमच्या अर्जावर तेव्हा जुन्या सरकारकडून तुमच्या घरी गेलेलं नकाराचं उत्तर जुन्या फायलीत सापडलं,” तो अदबीने म्हणाला, “मी प्रांताच्या जागी गावांची नावं घातली, एवढंच.”